काकाचा हां

वडीगोद्री, मंगळवार, संध्याकाळ

डोकंच फिरलंय. शहरातला स्टुडिओवाला म्हणला होता, ओवीचे ट्रॅक वेगवेगळे काढून पाठव. बापूंचा आवाज, काकाचा आवाज, ढोल, तिन्ही बराबर एक्सपोर्ट करून सकाळीच पाठवले. आत्ता त्याचा फोन. "काकांचा ट्रॅक रिकामाच आहे हो. नुसतं हां, हां. उडवून टाकू का?"

रिकामा? बापू ओवी पाठ करत न्हाईत, गाता गाता रचतात. काकानं हां म्हणलं की मंग पुढची ओळ सुचती. मेंढरांमागं हिंडायचे तव्हापासून दोघं भाऊ असंच गाऊन राह्यले. अन् हा म्हणतो रिकामा!

तरी म्हणलं, बघू तं खरं. काकाचा ट्रॅक बंद करून वाजवलं. दर ओळीनंतर बापू थांबून राह्यले. हां न्हाईच.

बापू माझ्या शेजारीच बसून ऐकत होते. एकदम मागं वळून म्हणले, "धाकला कुठं गेला?"

बस्स. तिन्ही ट्रॅक एकत्र करून एकच फाईल काढली अन् पाठवून दिली. खाली लिहिलं, सकाळचे सुटे ट्रॅक पुसून टाका, ओवी घ्यायची तं अशीच घ्या, न्हाईतर राहू द्या.

आता काढून दाखव म्हणावं काकाचा हां.