चौदा कोटी वेळा वर्ग

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार
नागू भावजी आज परत आले. ओंकारला जाऊन दोन महिने झाले, देह मिळाला न्हाई, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देऊन टाकूया म्हणे. टाकूया! माझा लेक हाय तो, पालापाचोळा न्हवं. गणेशगुडीला नदीकाठी त्याची नुसती चप्पल सापडली. चपलेवरून कोण मेला ते ठरवायचं?

मी सांगितलं — त्याचा कॉम्प्युटर संख्या तपासतोय, ती होईस्तोवर विधी न्हाई. मग तुम्ही म्हणाल तसं. 

१४ ऑक्टोबर
संख्या म्हंजे चार कोटींवर आकडे असलेली! ती मूळ संख्या हाय का, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात न्हाई का, ते बघायचं. मी भाकऱ्या थापताना ओंकारनं समजावलेलं. चारपासून सुरू. वर्ग करायचा, दोन वजा, त्या संख्येनं भागून उरेल ते घ्यायचं, परत वर्ग. चौदा कोटी वेळा. शेवटी शून्य उरलं तर मूळ. एखादं मशीन चुकतं, म्हणून तीच संख्या त्यानं लॅपटॉपवरही लावलेली. लॅपटॉप बॅगेत होता. त्याच्याबरोबर बॅगही गेली.

शून्य आलं तर माझा ओंकार जिवंत हाय. मी तसं धरलंय. वेडी म्हणा हवं तर.

२६ ऑक्टोबर
९१ टक्के. संख्या तपासणाऱ्यांच्या साइटवर दोन्ही मशीनचा हिशेब दिसतो, मशीन चालू असलं आणि नेट मिळालं तरच; लॅपटॉपच्या नावापुढं ऑगस्टपासून कोरंच.

९ नोव्हेंबर
दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली. दोन तास त्या डब्यापुढं हात जोडून बसले. लाईट आली आणि आपोआप पुढं मोजायला लागला. खोलीत कुणी नसताना त्याचा पंखा घरघरतो, तेव्हा आत कुणीतरी बसून पाठांतर करतंय असं वाटतं. भ्या वाटतं. दार मात्र लावत न्हाई.

२३ नोव्हेंबर
झालं. शून्य न्हाई. भलताच लांबलचक आकडा उरला. म्हंजे भाग जातो. कशानं जातो ते सांगत न्हाई, नुसतं जातो!

हे म्हणाले, "राजे, आता जाऊ दे त्याला."

मी व्हय म्हटलं. शब्द दिला होता. रडू आलं न्हाई, रागच आला.

२७ नोव्हेंबर
भटजींनी तीनशे साठ पानं मांडली. डोक्याला चाळीस, मानेला दहा, असं करत पायापर्यंत. तीनशे साठला दोन, तीन, चार, पाच, सहा — सगळ्यांनी भाग जातो. मी लांब उभी राहून भागत बसले. पानं ओली, पेटेनात. नागू भावजींनी ह्यांचा हात धरला. मग पेटलं.

२ डिसेंबर
कॉम्प्युटर बंद करायला बसले. साइटवर लॅपटॉपच्या नावापुढं निकाल आलाय. तारीख आजची, सकाळी सव्वासहा. शून्य.