रुंद पडद्यावरचे अप्पा

अप्पा, तुमचं तोंड इतकं रुंद कधीच नव्हतं. परवा लातूरला अक्काच्या घरी तुमच्या श्राद्धाला सगळे जमलो होतो. जेवणं उरकली आणि दाजींनी नव्या पंचावन्न इंची टीव्हीवर अक्काच्या लग्नाची कॅसेट लावली, म्हणजे मी तिची करून दिलेली फाईल. तुम्ही चालता-बोलता दिसता ते जगात तेवढ्या एकाच ठिकाणी. त्यासाठी मी जुना व्हीसीआर शोधून आणला, टेपवरची बुरशी स्वतःच्या हाताने काढली, चित्राचा आकार होता तसाच ठेवला. जुनं चित्र जवळपास चौकोनी, आताचा पडदा आडवा लांब. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. नांदेडच्या माझ्या टीव्हीच्या दुकानात हे सांगून सांगून घसा बसलाय.

तर दाजी म्हणतात, "अर्धा पडदा वाया चाललाय की!" बटण दाबतात, आणि चित्र कडेपर्यंत ताणलं जातं. तुमच्या हातातलं गोल ताट लंबगोल, खांदे पैलवानाचे. वर तो भडक मोड, दुकानाच्या झगमगाटात गिऱ्हाईक ओढण्यासाठी दिलेला. तुमचा गुलाबी फेटा नुसता डोळ्यांत घुसतोय. इंजिनिअर झालेला भाचा विचारतो, "मामा, फोर-के असून पुसट का दिसायलंय?" अरे बाबा, पडद्यावर ठिपके वाढले म्हणून कॅसेटमध्ये नव्हतंच ते कुठून येईल? शार्पनेस वाढवलास तर मिशीभोवती पांढरी रेघ तेवढी येईल!

पण दाजींना काय बोलायचं, सुरुवात तुमच्यापासूनच. उदगीरच्या घरी रंगीत टीव्ही आला त्या दिवशी मोंढ्याच्या धान्यबाजारातून आल्या आल्या तुम्ही रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवता. बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड टोमॅटो. मी हळूच कमी करतो, तर तुम्ही खेकसता, "कमी कशाला करायलास? रंगीत म्हणून आणलाय ना?" तुम्ही बाहेर गेलात की बाईचं तोंड बाईसारखं होईपर्यंत मी बटण फिरवत बसायचो. कोर्स नाही, क्लास नाही, शिकलो ते असं. आजही कुणाच्या घरी टीव्ही बसवला की मी आधी माणसाचं तोंड बघतो. ते खरं दिसलं की साडी, झाडं, आभाळ सगळं आपोआप जागेवर येतं.

म्हणून तुमचंच तोंड खोटं झालेलं मला सोसेना. मी दाजींच्या हातून रिमोट ओढला आणि सगळं नीट केलं. तुम्ही पुन्हा तुमच्याएवढे झालात: गाल बसलेले, कोट खांद्यावरून उतरलेला, कॉलरमध्ये काडीसारखी मान.

"कशाला केलास रे?" अक्का म्हणाली. "मघाशी अप्पा कसे भरलेले दिसायले होते."

"अक्का, ते अप्पा नव्हतेच. खोटं होतं ते."

"हाव, ठाव हाय मला. लई शिकवू नको. माझ्या लग्नात त्यांना धड उभं राहायची ताकद नव्हती. पुढची दिवाळीबी बघितली न्हाई त्यांनी. आज जरा जाड दिसले तर तुझं काय बिघडायलंय?"

मी रिमोट दाजींच्या हातात दिला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो. पण नांदेड येईपर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो. उद्या कुणी तुमची मिशी काळी करेल, परवा सुरकुत्या पुसेल, मग राहिलं काय? निदान एका तरी पडद्यावर तुम्ही होतात तसे दिसायला नकोत का?

काल सकाळी शटर अर्धं खाली ठेवून माझ्या पडद्यावर लावलं. आकार, रंग, उजेड, कुठंच बोट ठेवायला जागा नाही. मांडवात तुम्ही खुर्चीची पाठ धरून उभे राहता, कुणी बघत नाही असं वाटून डोळे मिटता. तिथं मी बंद केलं. मग चित्र कडेपर्यंत ताणलं आणि शेवटपर्यंत बघितलं. अक्काला हे सांगितलेलं नाही. तुमचा पत्ता माहीत असता तर तुम्हालाही कळवलं नसतं.