बाईंची सकाळची हजेरी

बाई,

तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. परवा ऑफिसातल्या एका नव्या मुलीनं मला विचारलं, की मेलच्या पडद्यावर चित्र आणि आवाज एकत्र बांधायचं तुम्हाला पहिल्यांदा सुचलं कुठं? मी म्हणाले, इंदापूरच्या शाळेत, छडी खाताना. ती खूप हसली. हल्ली माझ्या खऱ्या बोलण्याला लोक हसतात आणि विनोद केला की वहीत उतरवून घेतात. पदाचा परिणाम असावा. 'वयाचा' असं म्हणायला तुम्ही असतात तर तुम्हीच पुरेशा होतात.

तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. संस्कृतच्या तासाला एकानं फळ्यापाशी उभं राहायचं आणि श्लोकाच्या अक्षरांवर खुणा करत जायचं, लघूला चंद्रकोर, गुरूला आडवी रेघ. बाकीच्या वर्गानं त्याच वेळी बाक वाजवायचा, लघूला बोटाची टिचकी, गुरूला तळव्याचा ठोका. खडू आणि बाक एका क्षणी पडले पाहिजेत. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून उभ्या. डोळ्याला एक आणि कानाला दुसरं गेलं, की फळ्यापाशी जो असेल त्याचा डावा हात पुढे. डावाच का, तर उजव्यानं उद्या लिहायचं असतं. शिक्षेतसुद्धा तुमचं नियोजन चोख होतं. आठवीतला तो दिवस आहे. मी फळ्यापाशी आहे, खुणा बरोबर करतेय, आणि सगळा वर्ग तिसऱ्या चरणात घसरतो. चाळीस जण चुकीचं वाजवतायत, मी एकटी बरोबर लिहीत शेवटपर्यंत जाते. तुम्ही पुढे येता. मला वाटतं, आता शाबासकी. "बरोबर लिहिलंस, दिसलं मला," तुम्ही म्हणता. "पण चाळीस जण चुकतायत हे ऐकू येऊनही तू थांबली नाहीस. हाताला कान नाहीत तुझ्या. हात पुढे कर." पाच छड्या, आणि मग मधल्या सुट्टीपर्यंत व्हरांड्यात. चाळीस जण आत, बसून.

त्या दिवसाचं एक वाक्य मला तुमच्याकडून हवं होतं. 'माझं चुकलं' असं काही मोठं नको होतं. 'ती पोरगी बरोबर होती,' एवढं, कुणापुढेही, केव्हाही. त्या वाक्यासाठी मी तुमच्याकडे किती वर्षं येत राहिले, हे मोजायला गेले तर माझंच हसं होईल.

तुमच्या कडकपणाचं कारण मला ठाऊक होतं. एकदा बसस्टँडवर तुम्हीच सांगितलं होतंत. आपल्या दोघींच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तुम्ही शिकवणार संस्कृत. शिक्षकांच्या खोलीत कुणी उघड काही बोलत नसे, पण तुमचा उच्चार ऐकायला कान मात्र सगळे लावून बसत. "माझ्या पोरांची एक मात्रा चुकली, तर हे लोक माझ्या सात पिढ्या मोजतील," म्हणाला होतात. मला ते पटलं होतं. पटलेल्या छडीचा वळ लवकर जातो असं मात्र काही नसतं.

तुमचे डोळे गेल्याचं मला तुमच्या सुनेनं, वहिनींनी कळवलं. मधलं सगळं गेलंय, कडेचं थोडं दिसतं, बारामतीच्या डॉक्टरांनी हात टेकले. मी तेव्हा बारामतीतच घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी काम करत होते, दृष्टी अधू झालेल्यांना वापरता येईल अशी मेलची मांडणी. आठवड्याभरात मी लॅपटॉप घेऊन इंदापूरला हजर. वहिनींना वाटलं, केवढी ही गुरुभक्ती. बाई, मला चाचणीसाठी माणूस हवं होतं, आणि तुमच्याइतकं चिडकं माणूस दुसरं मिळालं नसतं. जे तुमच्या हातात टिकेल ते कुठंही टिकेल, हा माझा हिशेब.

प्लग फक्त स्वयंपाकघरात होता, म्हणून लॅपटॉप ओट्यावर, ज्वारीच्या पिठाच्या डब्याशेजारी. तुम्हाला कडेचंच दिसायचं, म्हणून मी सगळी अक्षरं मधून हटवली आणि पडद्याच्या काठाने जाड पट्ट्या लावल्या, आखूड पट्टी म्हणजे लघू, लांब म्हणजे गुरू. पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाला आपली एक चाल. पट्ट्या उजळायच्या आणि त्याच क्षणी तेच कानावर पडायचं, टिक किंवा ठण. मग यंत्र पत्र वाचून दाखवायचं. तुमचे तेवीस जुने विद्यार्थी मी शोधून काढले, चोविसावी मी स्वतः, आणि कुणाला कोणती चाल द्यायची ते तुम्हाला विचारत बसले. शाळेत तुम्ही पुस्तकासारखं बोलायचात, घरात मात्र तुमचं पणदऱ्याचं माहेर बोलायचं.

"हिला काय देऊ?"

"ती व्हय? तिला तीन गुरू दे. दारातनं यायची तर वर्गाला आधी कळायचं."

"आणि तो, आता तहसीलला आहे तो?"

"सगळे लघू. नुसता पळायचा. साहेब झाला म्हणून काय जड झाला न्हाय."

"मला?"

"लघू, गुरू, लघू. मधीच एकटी उंच. दोन्हीकडं कोण न्हाय."

रोज सकाळी आठला यंत्र सगळ्या चाली ओळीनं वाजवून कुणाची पत्रं आली ते सांगायचं. पहिल्यांदा ऐकून तुम्ही म्हणालात, "हे गाणं न्हाय, हजेरी हाय." वहिनी सांगायच्या, आठच्या आत आंघोळ आटपून, डोक्यावर पदर घेऊन तुम्ही ओट्यापाशी स्टूल ओढून बसता. पहिले दोन महिने पत्रांचा पाऊस. बाईंना मेल करता येतो म्हणजे नवलच. सगळ्यांनी लेकराबाळांचे फोटोसुद्धा पाठवले, तेही न दिसणाऱ्या बाईला. मग नवलाई सरली.

आता माझी कामगिरी. मांडणीत मी एक गोष्ट घातली होती, की ज्याचं पत्र येत नाही, त्याची पट्टी दिवसागणिक फिकी होईल आणि चाल तेवढीच बारीक. कंपनीच्या गिऱ्हाइकांना कळावं, कोणतं नातं थंड पडतंय. पुण्यात या कल्पनेला टाळ्या पडल्या होत्या. तुमच्या ओट्यावर ती तशीच चालू होती.

मी स्वयंपाकघरात बसलेय. वहिनी भाकरी थापतायत. हजेरी वाजते आणि तुम्ही विचारता, "हा का बारीक वाजतोय? मशीन बिघडलं का?"

"बिघडलं नाही, बाई. दीड महिना लिहिलं नाही त्यानं."

"आणि ही?"

"तिनं दोन महिने."

"ते मला म्हाईत न्हाय व्हय? रोज सकाळी वाजवून दाखवायची काय गरज हाय?" मग आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडे काही मागता. "सगळ्यांचा आवाज सारखाच ठेव की गं. लिहू दे न्हायतर नको लिहू दे. डोळं गेलं तवा वाटलं, चला, आता काय काय बघाया लागणार न्हाय. तू तेच ऐकवाया लागलीस."

एका ओळीचं काम होतं. चहा निवायच्या आत झालं असतं. मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. "डोळ्याला एक आणि कानाला दुसरं कसं चालेल, बाई? पत्र नाही आणि आवाज ठणठणीत? तुम्हीच छडी मारली असती."

वहिनींचा भाकरीवरचा हात थांबला. तुम्ही पडद्याच्या काठाकडे तोंड करून म्हणालात, "व्हय. मारली असती."

मी चहा प्याले आणि बारामतीला परतले. चाचणीच्या अहवालात लिहिलं, 'वापरकर्तीस तत्त्व मान्य.' त्यानंतर आठ महिने मी आले नाही आणि एक ओळ लिहिली नाही. कामं होती. कामं नेहमीच असतात. ती त्यासाठीच असतात.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी आले. घरात बसायला आलेल्या बायका, आणि वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, ते तेवढं मशीन घेऊन जावा. आत्याबाई गेल्या तरी सकाळी आठाला आपलं आपण वाजतंय. घरात सगळी दचकत्यात." मी विचारलं, काय वाजतं? "आता काय, एकच ऐकू येतंय. टिक, ठण, टिक. बाकीचं कवाच बंद झालंय."

तो आवाज माझा होता. माझी पट्टी फिकी होऊ नये, चाल बारीक होऊ नये असं मी पहिल्याच दिवशी करून ठेवलं होतं. कंपनीत कुणी विचारलं असतं तर, चाचणीसाठी ठेवलं, काढायचं राहिलं, असं सांगितलं असतं. राहिलं वगैरे काही नव्हतं. मी लिहिणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि तुम्हाला ते ऐकू जाऊ नये असं वाटत होतं. म्हणजे तुम्ही मागत होतात ती सोय यंत्रात पहिल्यापासून होती. फक्त एका माणसापुरती होती.

बंद करण्याआधी मी तुमची पाठवलेली पत्रं उघडली. असं करू नये. मी नकार दिल्यानंतरच्या आठवड्यापासून तुम्ही वहिनींना सांगून एकेकाला लिहवून घेतलं होतंत. प्रमाण भाषेत, एकही मात्रा न चुकता. 'तुला मैदानावर उन्हात उभं केलं, ते माझं चुकलं. आता एक ओळ लिही. काहीही लिही.' 'तुझी वही सर्वांसमोर फाडली. अक्षर वाईट नव्हतं तुझं. एक ओळ लिही.' तहसीलवाल्याला तीनदा. तीन गुरूंवालीला, ती जाड आहे म्हणून वर्ग हसला तेव्हा तुम्हीही हसलात, त्याबद्दल. तेवीस जणांना तेवीस वेगळ्या माफ्या, आणि कुणाला काय केलं होतंत ते सगळं तुमच्या लक्षात होतं. बाई, तुम्ही भीक मागत होतात, आणि बदल्यात त्यांच्या दारात टाकायला तुमच्याजवळ होतं ते एकेक करून टाकत होतात. सहा जणांची उत्तरं आली. 'असं काय बोलता बाई, आम्ही विसरलो पण,' असली. पंधरा दिवस त्यांच्या पट्ट्या उजळल्या असतील.

चोविसावं पत्र नव्हतं. मी वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "मी म्हणले व्हते की, त्या ताईस्नी न्हाय का लिव्हायचं? तर आत्याबाई म्हणाल्या, तिला कशाला? तिचा वाजतोय की."

पत्र नसताना आवाज कसा, हे तुम्हाला उमगलं नसेल असं मी मानत नाही. तुम्ही नुसत्या कानानं चाळिसांतला एक घसरलेला ठोका पकडायचात. पण उमगून तुम्ही गप्प बसलात की खरंच मला खणखणीत समजून बसलात, हे विचारायला आता कुणी नाही, आणि हे पत्रही कुठं जाणार नाही. लिहून झालं की पुसून टाकेन.

लोकांना मी सांगते, की ती तेवीस पत्रं वाचून मी रडले. तसं झालं नाही. मला त्या तेवीस जणांचा हेवा वाटला. वहिनी चहा ठेवायला वळल्या, तेवढ्यात मी माझ्या नावानं सगळीकडे शोधलं, अर्धवट सोडलेल्या मसुद्यांत शोधलं, आणि बाई, कचऱ्यातसुद्धा शोधलं.