शांत कॉलनीची पाहणी

तीर्थस्वरूप उमाअक्का,

धाकट्या भावाचे, गुरुपादप्पाचे, शरणु शरणार्थी. गुडघे कसे आहेत? (फोनवर विचारलं की तुम्ही ‘बरं हाय’ म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र.) आमचं ठीक.

तर मी आणि शिवम्मा चाकूरहून लातूरला दोन दिवस जाऊन आलो. एका शांत कॉलनीत माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचं घर रिकामं आहे, भाड्यानं देतोय. जन्मभर बसस्टँडसमोर दुकान केलं, आता कानाला आराम हवा, हा माझा हट्ट. शिवम्माचं म्हणणं, “तिथं मेलाव तरी कुणाला कळंना.” तिनं हो म्हणावं म्हणून तर हा खटाटोप.

कॉलनी खरोखरच शांत निघाली. सकाळी फाटकं बंद, दुपारी फाटकं बंद, कुत्र्यांनाही भुंकायचा कंटाळा. माझा जीव सुखावला, शिवम्माचं तोंड उतरलं. म्हटलं चल, शेजार तरी बघू. तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं, मी इस्त्रीचा सदरा घातला आणि फाटकांवरच्या पाट्या वाचत, घर कुणाचं, माणसं कशी, असं दिसेल त्याला विचारत निघालो. आता अक्का, आपल्याकडं पन्नाशी उलटलेलं जोडपं असं नटून चौकशा करत कशासाठी फिरतं? माझ्या डोक्यात आलंच नाही.

पाटीवर नाव वाचलं त्या सोमेशअप्पांच्या फाटकाशी पोचतोय तर ते स्वतःच बाहेर. “या की वो आत, उन्हात कशाला उभारलाव?” मी मनात म्हटलं, काय हे अगत्य! खायला चुरमुऱ्यांचा सुशीला आला, मग चहा घेऊन त्यांची लेक दामिनी आली, साडी नेसून. शिवम्मानं तिला दोनदा उठवलं (एकदा पंखा वाढवायला, एकदा पाण्याला). घरच्यांना वाटलं, बाई मुलीची चाल बघतायत. मग सोमेशअप्पांनी घसा साफ करून मुलाचं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, हैदराबादला कंपनीत आहे, दोन लेकरं आहेत.

अशी शांतता त्या कॉलनीतही नव्हती हो. आधी हसली ती दामिनीच (तिला इतक्यात लग्नच नकोय), मग तिची आई सिद्धम्मा. “पुन्हा या वो,” त्या म्हणाल्या, “इथं मान्साचा आवाज ऐकाया मिळंना.” शिवम्मा तिथं संध्याकाळपर्यंत बसली. मुलगा हैदराबादला गेल्यापासून ती इतकी बोललेली मी ऐकली नव्हती. मला फार बरं वाटलं, अक्का.

घराचं अजून काही ठरलं नाही. तब्येतीला जपा, गोळ्या चुकवू नका.

तुमचा,
गुरुपाद

ता. क. : ठरलं नाही हे खोटं. शिवम्मा हो म्हणाली, पण एका अटीवर. पुढची उजेडाची खोली तुमची. तुम्ही म्हणता, एकटं राहायची सवय झालीय. ती म्हणते, अशी सवय कुणाला होत नसते, अक्का नुसतं तसं म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

आणखी एक : नकार द्यायचा असेल तर समोर बसलीय तिलाच द्या. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पत्र तिच्याच हाती तुमच्याकडं उदगीरला धाडलंय. एकटी परत यायची नाही, असं सांगूनच ती निघालीय.