मोहाखाली पायापुरती जागा

सौ. प्रेमिलाबाईस, पुण्याहून तुझ्या उमाजीचे मायेचे आशीर्वाद.

मी बरा आहे. खोकला थोडासाच.

आपली नात भाग्यश्री इथल्या चादरींच्या कारखान्यात नक्षी काढते. तिची मोहफुलांची नक्षी साहेबांनी दोनदा परत केली. फार गर्दी, मन निवत नाही म्हणे. तिसऱ्यांदा परत आली असती तर नोकरी गेली असती. पोर रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "तुझी आजी मोह वेचताना फुलं चेंगरू नये म्हणून आधी पायापुरती जागा करते. तशी जागा सोड."

"आबा, तुमच्या शाळेतल्या कविता पुरे!" म्हणाली, पण सोडली. नक्षी पसंत पडली!

पहिली चादर तुले पाठवतो. पेटीत ठेवू नको, अंथर. गुडघा कसा आहे? यंदा मोह वेचायले एकटी जाऊ नको. मी येऊन राह्यलो, सोबतच जाऊ.

तुझाच,
उमाजी