दोन बरण्यांतला पंक्तिप्रपंच

१० मे
नात सृष्टी पीएचडी करते. तिच्या लॅबचा एसी बिघडला म्हणून दोन बरण्या माझ्या खोलीत आल्या. आत समुद्रातले बोराएवढे, काचेसारखे जीव. तरंगत तरंगत शिकार करणारे. ती आठवडाभर गोव्याला. खाणं मी घालायचं. शालन म्हणाली, यांच्यावर सोपवू नकोस. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचा हा विश्वास. ठरवलं: सृष्टी सांगेल तसंच. काडीचा फरक नाही.

११ मे
संताप आला. डाव्या बरणीला शेवाळावर पोसलेले किडे, त्यात भरपूर ओमेगा-थ्री. उजवीला यीस्टवर पोसलेले, त्यात काही नाही. खाण्यातली चरबी खाणाऱ्याच्या अंगात उतरते का, ते बघायचंय म्हणे. त्यात बघायचं काय? माझं पोट बघा. एकाच खोलीत एकाला श्रीखंड आणि दुसऱ्याला शिळा तुकडा? मी आयुष्यभर पंगती वाढल्या, असला पंक्तिप्रपंच केला नाही.

१२ मे, सकाळ
उजवीकडचे मलूल. सृष्टीला फोन केला. म्हणाली, आजोबा, प्लीज काही बदलू नका. बदलतोय कोण?

१२ मे, संध्याकाळ
उजवीला डावीच्या हिरव्या, शेवाळवाल्या खाण्यातला एक ड्रॉपर. चवीपुरता.

१३ मे
एकादशी. आजच्या दिवशी यीस्ट कसं घालायचं? दोघांना हिरवं.

१६ मे
दोघांना हिरवं. उद्यापासून शिस्त.

२४ मे
तपासणीत दोन्ही बरण्यांची चरबी सारखीच निघाली. मशीन भंगार असणार. गाईडनं सृष्टीला सगळ्यांदेखत झापलं. तोही भंगार. सृष्टीनं विचारलं, आजोबा, उजवीला काय घातलंत? म्हटलं, किड्याच्या चरबीवर विश्वास आणि आजोबावर संशय? ती उठून गेली. जेवलीही नाही. मलाही घास गेला नाही. भाजी खारट होती.

२६ मे
सृष्टी नवे जीव आणायला रत्नागिरीला गेली. पावसाळ्यात होड्या बंद होतात. आता मिळाले नाहीत, तर प्रबंध वर्षभर लटकला. या हवामानाला काही ताळतंत्र नाही.

३० मे
जीव मिळाले. मी खोली झाडून, एसी लावून बसलो. बरण्या परस्पर खालच्या बिलकिसवहिनींकडे गेल्या. नवख्या बाईला मार्गदर्शन हवं, म्हणून उतरलो. वहिनींनी अदबीनं खुर्ची दिली, चहा दिला, शेवया दिल्या. सगळं जिन्यात. म्हणाल्या, रंगनाथभाऊ, सृष्टी सांगून गेलीय, आजोबांचं मन फार मऊ आहे, त्यांना आत घेऊ नका.
मग दार ओढून घेतलं.