लग्नाच्या अग्रिमातून घरी आलेल्या संगणकाबाबत

प्रति,
मा. लेखाधिकारी,
भविष्य निर्वाह निधी शाखा,
संयुक्त पुरवठा मंडळ, पुणे

विषय : मुलीच्या लग्नाचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका सादर करण्याबाबत.
संदर्भ : आपले ज्ञापन, ‘पत्रिका सादर करावी, अन्यथा अग्रिम एकरकमी भरावे.’

महोदय,

१. अर्जदार अनंत सीताराम बेहेरे, वरिष्ठ लिपिक, आवक-जावक, राहणार नारायण पेठ, याने कन्या अवनी हिच्या विवाहासाठी निधीतून अग्रिम घेतले, हे खरे. त्यातून संगणक घेतला, हेही खरे. मात्र संगणक लग्नासाठीच घेतला होता, ही गोष्ट आपल्या ज्ञापनातून निसटली आहे.

२. वरपक्ष कात्रजचा. त्यांची काहीएक मागणी नव्हती, आणि हे त्यांनी बैठकीत इतक्यांदा सांगितले की अर्जदाराच्या पत्नीला, सौ. सुहासिनीला, तेव्हाच शंका आली. उठता उठता वरपिता म्हणाले, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, घरी एक संगणक असला म्हणजे बरे. आमच्यासाठी नाही हो, तुमच्याच मुलीला होईल!

३. अर्जदाराला संगणकातले ओ की ठो कळत नाही. घरात कळते ते अवनीला, म्हणून निवड तिच्यावर सोपवली. तिने दुकाने पालथी घातली. ती विचारायची आणि दुकानदार अर्जदाराकडे बघून उत्तर द्यायचे. प्रोसेसर कुठला, मेमरी पुढे वाढवता येईल का, बिघडला तर माणूस घरी येणार की आम्ही खोके डोक्यावर घेऊन यायचे? एकाने मॉनिटरवर मखमली कव्हर फुकट देऊ केले. तिथून ती चहा न घेताच उठली.

४. अखेर पेंटियम घरी आला. सुहासिनीने हळदकुंकू वाहिले. अवनीने तो सुरू केला आणि म्हणाली, “बाबा, याला इतके प्रश्न विचारून आणलं. त्या मुलाला मात्र एकही विचारू दिला नाहीत.” महोदय, दुसऱ्याच दिवशी कात्रजला नकार कळवला. संगणक घरीच राहिला.

५. आता त्यावर अवनी छापखान्यांसाठी मजकूर जुळवते. सकाळपासून दारात चपलांचा ढीग असतो. अग्रिम एकरकमी भरायचे तर संगणक विकावा लागेल आणि पोरीचे चालते काम बसेल. तिने स्वतः निवडलेली ही एकच वस्तू घरात आहे हो!

६. तरीही आपण मागितलेली लग्नपत्रिका अर्जदार सोबत जोडत आहे. तीत वधू अवनी नसून लेखाधिकाऱ्यांची, म्हणजे आपली, कन्या आहे. मजकूर आपल्याच घरून छापखान्यात आला, आणि तो अवनीने याच संगणकावर जुळवला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचे नाव आहे. मुहूर्ताची वेळ बदलल्याचा आपला निरोप काल मिळाला. ती दुरुस्ती व्हायची आहे, आणि पत्रिका अजून संगणकातच आहे.

७. सबब, संगणक विकावा की राहू द्यावा, हे आपण छपाईपूर्वी कळवावे, ही विनंती.

आपला नम्र, व लग्नघरच्या घाईची पूर्ण जाणीव असलेला,
अ. सी. बेहेरे
पुणे, दि. ९ नोव्हेंबर १९९८

सोबत : लग्नपत्रिकेची कच्ची प्रत, जुन्या मुहूर्तासह.